बिनवरणाचे रोडगे

मी मुळातच रागीट. हे कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. काहींचे केस कुरळे असतात, तसा माझा राग. आमच्या घरात त्यावर एकच औषध होतं, खायला घालणं. मी पाटी आपटली, दाराला लाथ मारली किंवा दादाच्या अंगावर धावून गेले की बाबा ओट्यावरून मायला हाक द्यायचे, "अवं, तिले काही खायले दे. राग नाई तो, भूक हाय." मग माय चुलीपुढून उठायची आणि ज्वारीची भाकर, वर गुळाचा खडा, असं माझ्या हातावर ठेवायची. मी फुरंगटून खायची. आणि सगळा घोटाळा इथंच आहे, की राग खरोखर उतरायचा. भाकर संपेपर्यंत डोळे जड व्हायचे, अंग सैल पडायचं आणि भांडण कशावरून होतं तेही नीट आठवायचं नाही.

पण भांडण होतं ना! कशावरून तरी होतं. दादानं माझी पेन्सिल घेतली, ती मला परत पाहिजे, एवढं साधं म्हणणं. ते कोणी ऐकून घ्यायचं नाही. पेन्सिल दादाकडे राहायची आणि गूळ माझ्या तोंडात. घरचे हसायचे, "पाहा, झाली का नाई गरीब गाय?" त्यांच्याबरोबर मीही हसायची. आज ते हसू आठवलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूला, वाशीमकडच्या मालेगावच्या रस्त्यापासून थोडं आत. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता; शिक्षणाचं असो की कोर्टाचं, काम पडलं की अकोला. मी मायच्या पोटात होते त्या साली, छप्पन्नला, आमच्या आळीनं बौद्ध धम्म घेतला आणि घरातले देव नदीत सोडले. देव गेले, नवस गेले, अंगात येणं गेलं. रोडगे तेवढे राहिले. आधी ते मारोतीच्या नावानं व्हायचे, मग आमच्या स्वतःच्या नावानं होऊ लागले, एवढाच फरक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू जाडाभरडा दळायचा, कणिक घट्ट मळायची, पदर सुटतील असे गोळे वळायचे आणि वावरात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. हे काम बायकांचं नाही. आमच्याकडे रोडगे पुरुषच करतात, आणि बाबांच्या हाताचे रोडगे गावात नावाजलेले होते. भाजले की फडक्यात घालून राख झटकायची, मुठीनं फोडायचे, वर तूप सोडायचं. पण त्याआधी पळसाच्या पत्रावळीवर पडायचं ते तुरीचं वरण. "वरनाबिगर रोडगा म्हंजे दगड," हे बाबांचंच वाक्य. वर्षभर ज्वारी खाणाऱ्यांना गहू म्हणजे चैन, त्यामुळे तट्ट फुगेपर्यंत खायचं आणि झाडाखाली आडवं व्हायचं. रोडग्यानंतर कोणी कामाचं बोलत नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गहू सोडाच, ज्वारीही दिसेना. रेशनवर मिलो नावाचं परदेशी लाल धान्य यायचं, त्याची भाकर थापताना हातातच तुटायची. शाळा सोडून मी माय-बाबांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथं दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेल्या पिठाची गोड भुकटी. ओंजळीत घ्यायची आणि पाण्याबरोबर ढकलायची. संध्याकाळी खडीच्या ढिगाचं माप व्हायचं, आणि त्यावरून रोज कल्ला. मुकादम माप मारतो अशी सगळ्यांची ओरड, आणि ती खरीच होती. काही दिवसांनी मुकादमानं सुकडीची वेळ बदलली. आता दुपारी नाही, मापाच्या आधी. झालं, कल्ला बंद! दिवसभर रिकाम्या पोटी राबलेली माणसं गोड पीठ खाऊन ढिगाला टेकून बसायची आणि मुकादम म्हणेल त्या मापाला मान डोलवायची. त्यात मीही होते, जी घरी पेन्सिलीसाठी दार फोडायची.

बाबांना या गोष्टीचं फार नवल वाटलं होतं. घरी येऊन ते मायला हसत हसत सांगायचे, "लय डोक्याचा मानूस हाय. पोटात गोड पडलं का कोनी भांडतच नाई." मायही हसायची. त्या साली घरात हसण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

दुष्काळ सरल्यावर मी शाळा पुन्हा धरली. माझ्याहून लहान पोरींच्या शेजारी बाकावर बसायची लाज वाटायची, पण बसले. मॅट्रिक झाले. आळीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. बाबांनी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "माही पोरगी मास्तरीन होईन." त्यांचा आवाज तेव्हा कापत होता. मी मागं बायकांत बसले होते, आणि बाबांचा तो कापरा आवाज ऐकून मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी डोंगर फोडेल. मला मास्तरीण व्हायचंच होतं. मास्तरणीला बसायला खुर्ची असते आणि ती बोलायला लागली की तिच्या तोंडात कोणी गूळ कोंबत नाही.

अकोल्याच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगला अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि त्याच सुमाराला रिसोडची माणसं घरी येऊन गेली.

इथं दादाबद्दल सांगायला हवं. लहानपणी ताप आला त्यात दादाचा डावा हात गेला होता, लोंबायचा नुसता. माणूस कष्टाळू, एका हातानं दोन हातांचं काम करणारा, पण लग्नाचं वय निघून चाललं तरी त्याला कोणी मुलगी देईना. रिसोडचे लोक द्यायला तयार झाले, पण साटंलोटं करून. म्हणजे त्यांची मुलगी आमच्या दादाला आणि मी त्यांच्या मुलाला. एक लग्न झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मी दारामागं उभी राहून सगळं ऐकलं, आणि पाहुणे गेल्याबरोबर अशी काही पेटले की माय घाबरून भाकर आणायला धावली. मी भाकरीला हात लावला नाही. बाबांपुढं जाऊन उभी राहिले.

"तुमी काय सांगतलं त्याईले?"

बाबा शांतपणे म्हणाले, "नाई म्हनलं. पोरगी शिकायले जाऊन राह्यली, असं सांगतलं. तू कायले फिकर करतं? मी हावो ना."

दादा तिथंच बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू, पण बाबांच्या शब्दानं माझ्या जिवात जीव आला. त्या शब्दावर मी पुढचे दिवस काढले.

मुलाखत सकाळची होती. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं मालेगावला जायचं, तिथून अकोल्याची गाडी धरायची, रात्री मामाकडे मुक्काम, असं ठरलं. आमच्या फाट्यावर दुपारची ती एकच गाडी यायची. आमचं वावर फाट्याच्या जवळ. वळणावर ड्रायव्हर लांब हॉर्न द्यायचा, तो वावरात स्पष्ट ऐकू यायचा. त्या हॉर्नवर लोक भाकरी सोडायचे, इतका तो नेमाचा.

सकाळी बाबा म्हणाले, "पिशवी घेऊन वावरातच ये. रोडगे करतो तुह्यासाठी. मामाकडे कवा पोचशीन काय सांगता येते? जेवून जाय."

मृग अजून लागायचा होता, वावर वखरून तयार पडलं होतं. मी शेजारणीचं इस्तरीचं पातळ नेसून, सर्टिफिकेटं पिशवीत घालून गेले. बाबा निखाऱ्यापुढं बसले होते. घामानं चेहरा निथळत होता, आणि ते इतक्या मायेनं एकेक रोडगा उलटवत होते की मला भरून आलं. कडुनिंबाखाली पत्रावळ मांडली. त्यावर रोडगा कुस्करला, गूळ फोडून टाकला, तूप ओतलं. हो, ओतलंच. इतकं तूप मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं.

"वरन नाई?" मी विचारलं.

"डाळ सरली बाई. आज गोडाचंच खाय, चांगल्या कामाले चालली तू."

मी खाल्लं. बाबा वाढत गेले. नको म्हटलं की "एवढं घे, माही शपथ" म्हणून आणखी. स्वतः मात्र जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. मी हात धुतले, गाडीला अजून अवकाश होता, तेव्हा बाबा म्हणाले, "टेक जरा. मी हावो, उठवतो." निंबाखाली गोधडी अंथरलेलीच होती. माझ्या अंगातून सगळी धाकधूक कुठं निघून गेली कोण जाणे. मुलाखतीत काय विचारतील, काय सांगायचं, सगळं मऊ झालं, लांब गेलं. एवढं शांत मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. बाबा जवळ बसून अंबाडीचा दोर वळत होते, त्याचा सरसर आवाज येत होता.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. माझ्या डोक्यावर बाबांचं पांढरं उपरणं होतं, कानांवरून घेऊन गालाखाली नीट खोचलेलं. बाबा माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"गाडी?"

"गेली वाटते. माहाही डोळा लागला बाई."

मी किंचाळले. पिशवी उचलून अनवाणी फाट्याकडे धावले. रस्ता मोकळा होता. शेजारणीच्या पातळाला ढेकळांची माती लागली होती आणि मी तिथं उभी राहून कोणाला शिव्या देत होते मलाच माहीत नाही. झोपेला, उन्हाला, एस.टी.ला. बाबांना नाही. घरी गेल्यावर मायनं दूधभात कालवून पुढं ठेवला. मी तोही खाल्ला. खाल्ला आणि गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं बाबा स्वतः मला घेऊन अकोल्याला निघाले. पोचेपर्यंत मुलाखती आटोपल्या होत्या. खिडकीतल्या बाबूनं सांगितलं, पुढच्या साली या. तेव्हा माझा बाप त्या बाबूशी काय भांडला! "गरिबाची पोरगी हाय म्हनून असं करता का? एवढ्या लांबून आलो आमी!" आजूबाजूचे लोक जमा झाले. मला बाबांचा अभिमान वाटला आणि मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. स्टँडवर त्यांनी मला जिलबी घेऊन दिली. गाडीत मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

पुढचं साल कोणी पाहिलं? त्याच उन्हाळ्याच्या शेवटी एका मांडवात दोन लग्नं लागली. दादाला बायको मिळाली, मी रिसोडला आले. नवरा धान्याच्या बाजारात मापारी. माणूस वाईट नव्हता, नाही. पण आमची गोष्ट माझ्याआधी सासरी पोचली होती. "मास्तरीन होनार होती, पन झोपून राह्यली," असं म्हणून नणंदा खिदळायच्या. माहेरी गेले की तिथंही तेच. मुलाखतीला जायचं सोडून ढाराढूर झोपलेली पोरगी, हा गावाचा आवडता विनोद झाला होता. बाबा तिथं बसलेले असत. ते हसत नसत, पण कोणाला गप्पही करत नसत.

संशय मला आला नाही असं नाही. कधी भांडी घासताना, कधी दळण निवडताना, एकदम मनात यायचं: बाबांनी मुद्दाम तर नाही केलं? आणि लगेच ते उपरणं आठवायचं. पोरीच्या तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून ज्या माणसानं स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या गालाखाली खोचलं, तो फसवेल? मग मी स्वतःलाच शिव्या घालायची. सगळा राग आत वळवायची. झोपाळू, खादाड, करंटी, काय काय म्हणायची स्वतःला.

मला दिवस गेले तेव्हा फार चक्कर यायची. जेवणाआधी अंगात वेताळ संचारल्यासारखी चिडचिड आणि जेवल्यावर बसल्या जागी पेंग. नवऱ्यानं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नागपूरकडची एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं विचारलं, "काय खातेस?" मी सांगितलं: सकाळी गूळ-पोळी, दुपारी भात, कधी नुसती भाकर आणि चटणी. ती म्हणाली, "डाळ? अंडं? शेंगदाणे?" मी म्हटलं, मिळालं तर.

तेव्हा तिनं मला एक गोष्ट समजावली. गर्दी नव्हती म्हणून, किंवा मी मॅट्रिक आहे हे ऐकून तिला बरं वाटलं म्हणून असेल. नुसतं पिठाचं आणि गोडाचं खाल्लं की रक्तात साखर चढते. ती उतरवायला शरीर धावपळ करतं, आणि त्या धावपळीत रक्तातले बरेच घटक बाजूला होतात. एक घटक मागं राहतो, त्याला मेंदूत शिरायला वाट मिळते. एरवी दारातल्या गर्दीत त्याचा नंबर लागत नाही. "गाडीच्या दारातली गर्दी हटली की मागचं माणूस चढतं ना, तसं," ती म्हणाली. तो आत गेला की त्याचं एक रसायन तयार होतं, आणि ते मन निवांत करतं, झोप आणतं. बरोबर डाळ किंवा अंडं असलं तर दारात गर्दी कायम राहते, मग तेवढं होत नाही.

"म्हंजे वरन असलं तं झोप येत नाई?" मी विचारलं.

ती हसली. "इतकं सरळ नाही गं. अजून शोध चालू आहेत, सगळे डॉक्टर मानतही नाहीत. माणूस जागरणानं झोपतो, उन्हानं झोपतो, भरपेट खाल्ल्यानंही झोपतो. पण काहीतरी आहे त्यात."

मी बाकावर बसूनच राहिले. त्या एका घटकाला माझ्या डोक्यात जाणारी गाडी मिळाली, आणि मला अकोल्याची नाही! पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याचाच संताप आला. बाहेरच्यांनी दगा दिला तर समजू शकते, पण माझंच डोकं गूळ-तुपावर फितूर झालं? ज्या शांततेला मी बाबांची माया समजले ती पिठाची करामत होती? आणि मग, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, वरण आठवलं. जन्मभर वरणाशिवाय रोडगा न वाढणाऱ्या माणसाकडे नेमकी त्याच दिवशी डाळ सरली होती. आठवली ती सुकडी, मापाच्या आधीची. आणि बाबांचं हसणं. आदली रात्र मी मुलाखतीच्या विचारात टक्क जागून काढली होती हे खरं, ऊन होतं हेही खरं. डॉक्टरीणबाईचं सगळं मान्य. पण गोधडी माझ्या येण्याच्या आधीच अंथरलेली होती, ती रसायनानं अंथरली नव्हती.

मी माहेरी निरोप पाठवला नाही. जाणंच बंद केलं. सण आला, गेले नाही. दादाला मुलगा झाला, गेले नाही. बाळंतपणालाही रिसोडलाच राहिले. माय येऊन रडून गेली, तिला मी कारण सांगितलं नाही. कळलं असावं तिला, कारण तिनं विचारलंही नाही.

माझी मुलगी रांगायला लागली होती तेव्हा एका सकाळी बाबा आले. सासूनं मोठ्या उत्साहानं घोंगडी अंथरली, गूळ-पाणी आणलं. बाबांनी गुळाला हात लावला नाही. पाणीही तसंच ठेवलं. सासूला वाटलं, जुन्या रीतीनं लेकीच्या घरचं खात नाहीत. ती म्हणाली, "आता कायची रीत हो, आपन सारं सोडलं ना!"

बाबा म्हणाले, "रीत नाई. मी उपाशीच आलो. जेवलो तं बोलनं होत नाई मह्याच्यानं."

सासूला काही कळलं नाही. ती स्वयंपाकाला आत गेली. मला कळलं. तरी मनात एक वेडी आशा होतीच, की ते म्हणतील, नाही बाई, तसं काही नव्हतं.

मी विचारलं, "त्या दिवशी डाळ खरंच सरली होती का?"

"नाई. तुह्या मायनं शिजाले टाकली होती. म्याच उतरवाले लावली."

"म्हंजे मायलेही माहीत होतं."

"तिले म्हनलं, पोरगी झोपली तं झोपू दे. ती काही बोलली नाई." बाबा जमिनीकडे पाहत होते. त्यांचे ओठ सुकलेले होते. "रिसोडच्या लोकाईले म्या नाई म्हनलंच नव्हतं. हो म्हनलं होतं. तुह्यापुढं जीभ रेटेना. तू भांडली असती, आन् तू भांडली असती तं मी हरलो असतो. तुले बांधून ठेवनं जमत नव्हतं मले. म्हनून जेवू घातलं."

मी ऐकत होते. विहारातला तो कापरा आवाज मला आठवला. तो खरा होता की नाही हे विचारावंसं वाटलं, पण त्यानं आता काय फरक पडणार होता? बाबूशी केलेलं भांडण आठवलं. जिलबी आठवली. लोक मला झोपाळू म्हणत होते आणि हा माणूस शेजारी बसून ऐकत होता, तेही आठवलं.

"दादाचा हात पाहून मले काही सुचत नव्हतं बाई," ते म्हणाले. "तू कुठंही गेली असती तरी निभावलं असतं. त्याचं कोन होतं?"

"माहं कोन होतं?" मी म्हटलं.

मुलगी रांगत येऊन त्यांच्या धोतराला धरून उभी राहायला लागली, त्यांनी तिला हात लावला नाही. मी तिला उचलून घेतलं. आता माझ्याकडे त्यांच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट उरली होती, इतक्या वर्षांत मी ती मोडू दिली नव्हती. ती तरी मला राहू द्यावी असं वाटत होतं. म्हणून मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"तुमी मह्या तोंडावर उपरनं टाकलं होतं. माश्या होत्या ना?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण उत्तर त्यांनी सरळ दिलं.

"माश्या नव्हत्या बाई. हारन तुह्या कानात जाऊ नये म्हनून टाकलं होतं."

आतून सासूनं ताट वाढून आणलं: पोळ्या, वाटीत शिरा, वर तूप. "बसा भाऊ," ती म्हणाली. मी तिच्या हातातून ताट घेतलं आणि आत नेऊन चुलीपाशी ठेवलं. बाहेर आले तेव्हा बाबा वहाणा घालत होते. थांबा म्हटलं नाही, परत या म्हटलं नाही, पाणी तरी प्या असंही म्हटलं नाही. सासू माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिली.

आमचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. थोड्या वेळानं मालेगावच्या गाडीनं निघताना लांब हॉर्न दिला. मी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो हॉर्न मी शेवटपर्यंत ऐकला.